दिली, पाजली, प्याली : ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’मधील एका प्रसंगाची दृष्टिकोनलक्ष्यी समीक्षा

प्रास्ताविक

मराठी साहित्यात दारूचा पेला रंगभूमीवर आला की त्याचा शेवट कोठे होणार, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ने 1919 पासून हे गृहीतक इतके दृढ केले की, त्यानंतरच्या मराठी वाचकाच्या मनात दारू आणि शोकांतिका यांची गाठ कायमची बसली. त्या नाटकात तळिरामाच्या निमित्ताने पुष्कळ विनोद आहे. परंतु त्या विनोदाची किंमत अखेर सिंधूला आणि तिच्या तान्ह्या मुलाला मोजावी लागते. दारूच्या कथेतील मूल म्हणजे दुसऱ्याच्या व्यसनाचा बळी, अशी ही प्रतिमा आहे. ज्या कथेत मूल स्वतःच दारू पिते, तेही नकळत, आणि कथा तरीही कौटुंबिक, प्रसन्न व मुलांच्या हाती देण्याजोगी राहते, अशा कथेकडे मराठी समीक्षेने पाहावे कसे, हा प्रश्न त्यामुळे सोपा राहत नाही.

कॅनडातील लेखिका एल. एम. मॉन्टगोमेरी (1874-1942) यांच्या ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’ या 1908 साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत असा एक प्रसंग आहे. कादंबरीच्या सोळाव्या प्रकरणात तो येतो आणि जगभरच्या वाचकांना तो एक गमतीदार फजिती म्हणूनच आठवतो. प्रस्तुत लेखात या प्रसंगाकडे पाहणाऱ्या वेगवेगळ्या पात्रांचे दृष्टिकोन तपासले आहेत. हे दृष्टिकोन वरवर पाहता दारूविषयीचे वाटतात. प्रत्यक्षात ते एका मुलीच्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही, याविषयीचे आहेत, असे येथे प्रतिपादन आहे.

प्रसंग

ॲन शर्ली ही अनाथ मुलगी. प्रिन्स एडवर्ड बेटावरील ॲव्हनली या गावी मॅथ्यू आणि मरिला कथबर्ट या अविवाहित, उतारवयाच्या भावंडांनी शेतीच्या कामाला एक मुलगा मागविला होता. चुकीने मुलगी आली आणि राहिली. ऑक्टोबर महिन्यातील एका शनिवारी मरिला बाहेरगावी सभेला जाते आणि ॲनला तिच्या जिवलग मैत्रिणीला, डायना बॅरीला, चहाला बोलाविण्याची परवानगी देते. दिवाणखान्याच्या कपाटात रासबेरीच्या शरबताची अर्धी बाटली आहे, तीही मुलींनी घ्यावी, असे ती सांगून जाते. ॲनला कपाटात एक लाल बाटली सापडते. सफरचंदे खाऊन तिचे पोट भरलेले असल्यामुळे ती स्वतः पीत नाही. डायना मात्र मोठे तीन पेले रिचविते, मिसेस लिंड यांच्या शरबतापेक्षा हे कितीतरी सरस आहे असा शेराही मारते, आणि मग तिला गरगरू लागते. ॲनला वाटते, हिला देवी तर आल्या नाहीत ना! डायना झोकांड्या खात घरी जाते. सोमवारी मिसेस लिंड यांच्यामार्फत बातमी येते की, ॲनने डायनाला दारू पाजली, असा मिसेस बॅरींचा आरोप आहे आणि त्यांनी मुलींची मैत्री कायमची तोडली आहे. मरिला कपाट उघडून पाहते. ती बाटली तिने स्वतः केलेल्या, तीन वर्षांच्या जुन्या करंट वाइनची असते. शरबताची बाटली तिने तळघरात ठेवली होती, हे तिला तेव्हा आठवते.

एवढाच प्रसंग. परंतु मराठीत तो सांगू लागले की पहिल्याच वाक्याला अडखळायला होते. क्रियापद कोणते वापरायचे? डायनाला दारू ‘दिली’, ‘पाजली’, की डायना दारू ‘प्याली’? मराठीतील ‘पाजणे’ हे प्रयोजक क्रियापद मोठे विलक्षण आहे. आई बाळाला दूध पाजते, वैद्य काढा पाजतो, वैरी विष पाजतो. पाजणाऱ्याचा हेतू चांगला की वाईट, त्याला पेयाची जाण होती की नव्हती, याविषयी क्रियापद मौन पाळते. परंतु घडलेल्या गोष्टीचे कर्तेपण मात्र ते पूर्णपणे पाजणाऱ्याकडे देते. ‘दिली’ म्हटले की कर्तेपण वाटले जाते, देणाऱ्याने पुढे केले, घेणाऱ्याने घेतले. ‘प्याली’ म्हटले की देणारा वाक्यातूनच नाहीसा होतो. प्रसंगातील पात्रांचे दृष्टिकोन या तीन क्रियापदांवर चपखल बसतात. मिसेस बॅरींच्या मते ॲनने ‘पाजली’. ॲनच्या मते तिने ‘दिली’, आणि तीही दारू नव्हे, शरबत. मरिलाच्या मते डायना ‘प्याली’.

मिसेस बॅरी

मिसेस बॅरींना खलनायिका ठरविणे सोपे आहे आणि बहुतेक वाचक तसे ठरवून मोकळे होतात. कादंबरीचा निवेदक मात्र त्यांच्याबाबत न्यायबुद्धीने वागतो. ॲनने केवळ दुष्टाव्याने आपल्या मुलीला दारू पाजली असे त्या मनापासून मानत होत्या आणि अशा मुलीच्या संगतीपासून आपल्या मुलीला वाचविण्याची त्यांची तळमळ खरी होती, असे तो नोंदवितो. एका आईच्या जागेवरून पाहिले तर अकरा-बारा वर्षांची मुलगी चहाला जाऊन झिंगत परत येते, ही हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट नाही. मद्यार्कामुळे लहान मुलांच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, हे आजचे वैद्यकीय ज्ञान त्या आईजवळ नव्हते; तरी तिची भीती अनाठायी नव्हती.

त्या भीतीला एक सामाजिक चौकटही होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर अमेरिकेत मद्यपानविरोधी चळवळीने घराघरांत मूळ धरले होते. कॅनडात 1878 साली स्थानिक मतदानाने दारूबंदी करण्याची मुभा देणारा कायदा झाला. प्रिन्स एडवर्ड बेटावर 1901 पासून दारूबंदी आली आणि ती 1948 पर्यंत टिकली. म्हणजे कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा त्या बेटावर दारूबंदी चालू होती. या चळवळीतील स्त्रियांची ओळख मराठी वाचकांना ॲनच्या कितीतरी आधी झाली होती. पंडिता रमाबाईंच्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ (1889) या ग्रंथात अमेरिकन स्त्रियांच्या मद्यपाननिषेधक संघटनेविषयी आदराने लिहिलेले आढळते. आणि ज्या 1908 साली बोस्टन येथे ही कादंबरी छापली गेली, त्याच साली पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने दारूच्या दुकानांपुढे स्वयंसेवक उभे राहत होते. मिसेस बॅरी या मराठी वाचकाला वाटतात तितक्या परक्या नाहीत.

असे असले तरी त्यांच्या तर्कात एक फट आहे आणि ती महत्त्वाची आहे. मरिला त्यांना समजावण्यास जाते तेव्हा त्या मरिलाच्या वाइनवरून तिला टोचून बोलतात. या वाइनने कोणालाही काहीही होत नाही, असे मरिला आजवर सांगत आली होती, त्याची त्या आठवण करून देतात. म्हणजे वाइन वाईट, हे त्यांचे जुने मत या घटनेने सिद्ध झाले. दोष वाइनचा आणि ती घरात ठेवणारीचा असेल तर मुलगी सुटते. दोष मुलीच्या दुष्टाव्याचा असेल तर वाइन हे निव्वळ साधन ठरते. मिसेस बॅरी दोन्ही आरोप एकाच वेळी ठेवतात. मरिलाला दंड करता येत नाही, ती प्रतिष्ठित शेजारीण आहे. दंड मुलीला होतो. तत्त्वाचा राग तत्त्व मोडणाऱ्या मोठ्या माणसावरून घसरून जवळच्या लहान माणसावर येतो, हे आपल्याकडील एकत्र कुटुंबांतही परिचयाचे आहे.

हा राग ॲनवरच का यावा, याचे उत्तर सोळाव्या प्रकरणात सापडत नाही. ते पहिल्या प्रकरणात आहे. अनाथ मूल घरात आणण्याचा बेत कळताच मिसेस लिंड मरिलाला ज्या भयकथा ऐकवितात, त्यांत न्यू ब्रन्सविकमधील एका अनाथ मुलीची कथा आहे : तिने विहिरीत विष कालवून सबंध कुटुंब मारले. ॲन गावात पाऊल टाकण्यापूर्वीच ‘अनाथ मुलगी पेयात काहीतरी कालविते’ ही समजूत ॲव्हनलीत हजर होती. सोळाव्या प्रकरणातील आरोप म्हणजे या समजुतीला मिळालेला पहिला पुरावा होय. मॉन्टगोमेरींनी ही दोन टोके उघडपणे जोडून दाखविलेली नाहीत. विषाची जागा वाइनने आणि भयाची जागा विनोदाने घेतल्यामुळे त्यांचे नाते चटकन लक्षात येत नाही. तथापि, कृत्य नंतर आणि संशय आधी, ही त्या प्रसंगाची खरी रचना आहे.

ही रचना मराठवाड्यातील वाचकाला वेगळ्या आणि अधिक कठोर स्वरूपात माहीत आहे. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (1987) या आत्मकथनात जन्मावरूनच गुन्हेगार मानल्या गेलेल्या समाजातील मुलाचे जग आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जो शिक्का मारला तो 1952 साली कायदा रद्द झाल्यावरही लोकांच्या नजरेतून पुसला गेला नाही. दोन्ही लेखनांची तुलना एका मर्यादेपलीकडे नेणे अन्यायाचे होईल. ॲनला उपाशी राहावे लागत नाही, की पोलिसांचा मार खावा लागत नाही. पण ज्या मुलाविषयी समाजाने आधीच निकाल दिलेला आहे, त्याने आपले निरपराधित्व कोणत्या भाषेत सांगावे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

ॲनची भाषा

ॲन ते सांगते, आणि अगदी चुकीच्या भाषेत सांगते. ती मिसेस बॅरींच्या दारात जाऊन क्षमा मागते तेव्हा तिची वाक्ये पुस्तकी, अलंकृत, नाट्यमय असतात. स्वतःला अनाथ मुलीच्या जागी कल्पून पाहा, असे ती त्या आईला विनविते. मिसेस लिंड यांच्यासमोर अशाच भाषेने पूर्वी तिचे काम झाले होते. त्या माऊलीचा राग क्षणात विरघळला होता. मिसेस बॅरींवर त्याचा उलटा परिणाम होतो. मुलीचे मोठमोठे शब्द आणि हातवारे पाहून ही आपली थट्टा करीत आहे, असा त्यांचा ग्रह होतो. अनाथ, पोरक्या मुलीने वाचनातून कमावलेली भाषा हीच तिच्याविरुद्धची साक्ष ठरते. एखाद्या गरीब मुलाने प्रमाण मराठीत उत्तर दिले की ‘फार शहाणा झालास’ म्हणणारे मास्तर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना मिसेस बॅरींची ही प्रतिक्रिया समजावून सांगावी लागणार नाही.

ॲनच्या दृष्टिकोनातील खरी वेदना दारूची नाहीच. डायनाला दारू चढली याचे तिला वाईट वाटते, पण आपण ते मुद्दाम केले असे कोणी मानू शकते, हे तिला सहन होत नाही. पहिली गोष्ट अपघात आहे आणि दुसरी चारित्र्याचा निवाडा. मुले या दोहोंतील फरक अचूक ओळखतात. मोठी माणसे पुष्कळदा ओळखत नाहीत.

मरिला

प्रसंगातील सर्वांत गुंतागुंतीचा दृष्टिकोन मरिलाचा आहे, आणि समीक्षेने अधिक वेळ तिच्याकडेच द्यायला हवा. बाटली ओळखताच तिला हसू येते. त्या हसण्यात दयाही आहे आणि चपापणेही. ॲनचा दोष नाही, हे ती तत्काळ मान्य करते. मग तिच्या बोलण्याला एक वेगळे वळण लागते. तीन पेले शरबत पिऊनसुद्धा डायना आजारीच पडली असती, असे ती म्हणते. आणि मिसेस बॅरींना तर ती ऐकवून येते की, वाइन ही तीन-तीन पेले ढोसण्याची वस्तू नव्हे, आपल्या हाताखालचे मूल इतके हावरट असते तर त्याला चांगला चोप देऊन शुद्धीवर आणले असते.

मरिला येथे कर्तेपण डायनाकडे ढकलते : ‘प्याली’. या क्रियापदाच्या आड एक तिसरी व्यक्ती सुखरूप उभी राहते, ती म्हणजे बाटली चुकीच्या जागी ठेवणारी आणि चुकीची जागा सांगून जाणारी मरिला स्वतः. शरबत तळघरात असल्याचे तिला आठवते, ती ते बोलूनही दाखविते. पण मिसेस बॅरींपुढे बचाव करताना तिचा भर चूक झाली, ॲन निर्दोष आहे आणि डायना हावरट आहे, यांवरच राहतो. चूक कोणाची, हे वाक्य अर्धेच सोडलेले आहे.

याला कारणही तसेच आहे. ही वाइन हा मरिलाच्या अभिमानाचा आणि अपराधभावाचा विषय आहे. तिच्या करंट वाइनची सबंध ॲव्हनलीत ख्याती होती आणि कडक मताच्या काही मंडळींना, त्यांत मिसेस बॅरी आल्याच, ती नापसंत होती. पाद्रीसाहेबांना हे रुचत नाही असे कळल्यावर तीन वर्षांपूर्वी मरिलाने वाइन करणे सोडले. उरलेली एक बाटली मात्र टाकून दिली नाही. आजारपणाला असावी म्हणून ठेवली. चळवळीपुढे मान तुकविणारी आणि तरीही कपाटात एक बाटली राखणारी ही बाई संपूर्ण कादंबरीतील सर्वांत खरे पात्र आहे. तिच्या बाटलीला औषध म्हणावे की मद्य, हे ठरविणे जेवढे कथेबाहेरील कायद्याला कठीण, तेवढेच कथेतील शेजाऱ्यांना.

त्या रात्री ॲन रडत झोपी गेल्यावर मरिला तिच्या खोलीत जाते आणि झोपलेल्या मुलीच्या गालाचे चुंबन घेते. जागेपणी तिने असे सहसा केलेले नाही. प्रकरण तेथे संपते. अनेक वाचकांना हा वात्सल्याचा क्षण वाटतो आणि तो आहेच. पण जो दोष उघड शब्दांत स्वतःकडे घेता आला नाही, त्याची ही अबोल भरपाईही आहे.

एक बाटली, अनेक नावे

या प्रसंगाचा मराठी अनुवाद करू पाहणाऱ्यासमोर दोन बाटल्यांची नावे उभी राहतात आणि दोन्ही अवघड आहेत. रासबेरी कॉर्डियल म्हणजे फळांचा गोड, लाल पाक, पाण्यात मिसळून पिण्याचा. छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजात रमजानच्या दिवसांत ज्याने लाल शरबताच्या बाटल्यांच्या रांगा पाहिल्या आहेत, त्या वाचकाला ही वस्तू समजावून द्यावी लागणार नाही. ‘शरबत’ हा एकच शब्द पुरेसा आहे, आणि त्याला पाहुणचाराचा जो गंध आहे तो ॲनच्या चहापानाला शोभतोही. अडचण दुसऱ्या बाटलीची. इंग्रजी ‘करंट’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे छोट्या द्राक्षांचा बेदाणा. दुसरा, थंड प्रदेशातील झुडपावर येणारे आंबटगोड, तांबडे वा काळे बारीक फळ. मरिलाची वाइन दुसऱ्या फळाची आहे आणि त्याला मराठीत रूढ नाव नाही. अनुवादक पहिल्या अर्थाकडे वळला तर मरिलाच्या कपाटात नकळत ‘द्राक्षासव’ येऊन बसेल.

चूक असूनही ही कल्पना उद्बोधक आहे. द्राक्षासव, कुमारीआसव, दशमूलारिष्ट यांच्या बाटल्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आसव आणि अरिष्ट यांत मद्यार्क बाहेरून घातलेला नसतो. आंबविण्याच्या क्रियेत तो आपोआप तयार होतो. ज्या घरात दारूचे नावही काढता येत नाही, त्या घरातील फडताळात ही बाटली निःशंकपणे नांदते, आणि ‘आजारपणाला ठेवली आहे’ हे मरिलाचे वाक्य तेथे अक्षरशः लागू पडते. औषध आणि मद्य यांतील ही सीमारेषा न्यायालयातही गेली होती. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यातील मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांवरील निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने 1951 साली बलसारा खटल्यात अवैध ठरविले. कायद्याचा उर्वरित मोठा भाग टिकला. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. 1956 साली तो मुंबई राज्यात आला. तोवर येथील आबकारीचे धोरण वेगळे होते आणि शिंदीची दुकाने हे गावोगावचे नित्याचे दृश्य होते. शिंदीच्या झाडाचा रस पहाटे उतरविला तर नीरा असतो, मुलांनाही देता येतो; ऊन वर आले की तोच रस मडक्यातच मादक होतो. तेथे तर बाटली बदलण्याचीही गरज नाही, नुसती वेळ बदलावी लागते.

तात्पर्य, ज्याला आपण ‘दारू’ म्हणतो ती वस्तू पदार्थावरून जेवढी ठरते, तेवढीच ती कोठे ठेवली, कोणी आणि कशासाठी ठेवली यांवरूनही ठरते. मरिलासाठी ती औषध व कलाकुसर, मिसेस बॅरींसाठी पाप, ॲनसाठी शरबत, आणि डायनासाठी मिसेस लिंड यांच्या शरबताहून चवदार असे काहीतरी.

डायना

डायनाचा दृष्टिकोन काय? आश्चर्य असे की, या सबंध प्रकरणात पिणाऱ्या मुलीला पुढे आणून कोणी काही विचारीत नाही. तिला एकच संधी मिळते, तीही पुढील प्रकरणात, मैत्रिणीचा निरोप घेताना. आपण रडून रडून आईला सांगितले की ॲनचा दोष नाही, पण उपयोग झाला नाही, असे ती म्हणते. म्हणजे घटनेची एकमेव प्रत्यक्ष साक्षीदार आरोपीच्या बाजूने साक्ष देते आणि ती साक्ष तिची आईच फेटाळते. ॲनचा शब्द अनाथ म्हणून नाकारला जातो. डायनाचा शब्द, ती चांगल्या घरची असूनही, मूल म्हणून नाकारला जातो. मिसेस बॅरींची कठोरता केवळ परक्या मुलीपुरती नाही, हे यावरून दिसते.

निवेदकही या बाबतीत डायनाला फारसा न्याय देत नाही. ती तीन पेले का प्याली? चव आवडली म्हणून, एवढेच कळते. त्या वेळी ॲन पुडिंगच्या सॉसमध्ये पडलेल्या उंदराची लांबलचक कथा सांगण्यात गुंग असते. निवेदनाचा सारा प्रकाश ॲनच्या बडबडीवर आहे आणि डायना त्या प्रकाशाबाहेर शांतपणे पेले भरून घेत आहे. ही योजना कौशल्याची आहे. बाटलीत वाइन आहे, हे निवेदक शेवटपर्यंत सांगत नाही. जाणत्या वाचकाला डायनाच्या गरगरण्यावरून ते कळते, बालवाचकाला मरिलाबरोबर कळते. त्यामुळे एकाच पानावर दोन वाचक दोन कथा वाचतात. मोठा वाचक हसतो, लहान वाचक देवीच्या शंकेने ॲनइतकाच घाबरतो. कौटुंबिक कथा हा प्रकार अशा दुहेरी वाचनावरच जगतो.

निर्दोषमुक्ती

ॲनची सुटका अठराव्या प्रकरणात होते. जानेवारीत गावातील बहुतेक मोठी माणसे राजकीय सभेसाठी शहराला गेली असताना डायनाच्या तीन वर्षांच्या बहिणीला, मिनी मेला, घटसर्पासारखी भासणारी घशाची ‘क्रूप’ ही व्याधी होते. पूर्वी एका घरी जुळ्यांच्या तीन जोड्या सांभाळलेली ॲन तिला रात्रभर इपिकॅकच्या मात्रा देते आणि मूल वाचते. डॉक्टर पहाटे येऊन सांगतात की, ही मुलगी नसती तर बाळ वाचले नसते. मिसेस बॅरी येतात, ॲनला जवळ घेतात, रडतात आणि तिने मुद्दाम दारू पाजली नव्हती हे आता आपल्याला पटले, असे म्हणतात. (क्रूपवर इपिकॅक देणे वैद्यकाने पुढे सोडून दिले, विषबाधेवरील घरगुती उपाय म्हणूनही ते घरात ठेवू नये, असा सल्ला अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांनी 2003 साली दिला. कथेतील औषधाने कथेबाहेर आपली प्रतिष्ठा गमावली आहे.)

या समेटाने वाचकाचे डोळे पाणावतात. परंतु तर्काच्या कसोटीवर तो टिकत नाही. जानेवारीत मूल वाचविल्याने ऑक्टोबरमधील हेतू कसा सिद्ध होतो? वाइनच्या बाटलीविषयी मिसेस बॅरींजवळ एकही नवा पुरावा आलेला नाही. मरिलाचे निवेदन, डायनाची साक्ष, ॲनची क्षमायाचना हे सर्व पुरावे त्यांच्यासमोर आधीच होते आणि त्यांनी ते नाकारले होते. बदलले ते एकच : ॲन उपयोगी पडली. एका बाटलीने लागलेला डाग दुसऱ्या बाटलीने धुतला गेला, आणि दरम्यान सत्याला कोणी विचारले नाही. परक्या, गरीब, निराधार मुलाचा शब्द शब्द म्हणून स्वीकारला जात नाही. त्याला सेवा करून तो सोडवून घ्यावा लागतो, हे ॲव्हनलीचे अलिखित धोरण मॉन्टगोमेरींनी नेमके पकडले आहे. त्यांनी त्यावर टीका केली आहे का, याविषयी मतभेद संभवतो. कथा आनंदाच्या लाटेवर इतक्या वेगाने पुढे सरकते की, टीकेला जागा उरत नाही. त्या स्वतः एकवीस महिन्यांच्या असताना आईला पारख्या झाल्या आणि कॅव्हेंडिश येथे आजी-आजोबांच्या कडक शिस्तीत वाढल्या; उपकाराखाली वाढणाऱ्या मुलाला रोज काय सिद्ध करावे लागते, हे त्यांना ठाऊक नसण्याचे कारण नाही. ॲन मिसेस बॅरींना जे उत्तर देते त्यात या जाणिवेची एक बारीक धार दिसते. ती सभ्यपणे, मोजक्या शब्दांत, आपला हेतू तसा नव्हता, हे पुन्हा एकदा आणि शेवटचे सांगते. ऑक्टोबरमध्ये जे वाक्य कोणी ऐकले नाही, ते ती शब्दशः त्याच अर्थाने जानेवारीत उच्चारते. फरक ऐकणारीत पडला आहे.

या दृष्टीने एकविसाव्या प्रकरणातील केकचा प्रसंग याच कथेचा पुढचा भाग मानावा लागतो. नव्या पाद्रीसाहेबांच्या पत्नी, मिसेस ॲलन, चहाला येतात. ॲन त्यांच्यासाठी केक करते आणि त्यात व्हॅनिलाऐवजी अंगाला चोळण्याचे औषध घालते. येथेही मूळ कारण मरिलाची बाटलीच आहे. औषधाची बाटली फुटल्यामुळे तिने उरलेले औषध व्हॅनिलाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवलेले असते. ॲनला सर्दी झाल्यामुळे वास येत नाही. हे औषध पोटात गेले तर वाइनहून घातक, आणि या वेळी ते गेले आहे खुद्द पाद्रीसाहेबांच्या पत्नीच्या पोटात. तरीही कोणी ‘पाजले’ वा ‘चारले’ असे म्हणत नाही. मरिला या वेळी मान्य करते की, काही अंशी चूक तिची आहे, तिने आधी सांगून ठेवायला हवे होते. मिसेस ॲलन माडीवर जाऊन रडणाऱ्या ॲनजवळ बसतात आणि अशी गमतीची चूक कोणाच्याही हातून होऊ शकते असे म्हणून तिला फुलबाग दाखवायला खाली घेऊन येतात.